राजघराण्याच्या लग्नात चेलो वाजवणाऱ्यांना महिन्याचा पगार असतो का?

१९ मे २०१८. विंडसरच्या सेंट जॉर्जेस चॅपलमध्ये प्रिन्स हॅरी आणि मेगन मार्कल यांचं लग्न लागलं आणि नवरा-नवरी रजिस्टरवर सह्या करायला आत गेले. त्या मधल्या वेळात जगभरच्या टीव्हीवर दिसत होता १९ वर्षांचा एक पोरगा, डोळे मिटून चेलो वाजवणारा. शेकू काने-मेसन. नॉटिंगहॅमचा, सात भावंडांतला एक. दोन वर्षं आधी त्याने बीबीसीची ‘यंग म्युझिशियन’ स्पर्धा जिंकली होती. लग्न संपायच्या आत लोकांनी त्याचं नाव गुगलवर शोधायला सुरुवात केली होती.

त्याच्या मागे एक अख्खा ऑर्केस्ट्रा बसला होता. त्यातल्या कुणाचंही नाव कुणी शोधलं नाही.

आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीतलं स्टेज आणि हिंदी गाणी आठवतात. इथे ऑर्केस्ट्रा म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत वाजवणारा मोठा ताफा. त्या दिवशी विंडसरला तीन संस्थांमधले वादक एकत्र आणले होते : बीबीसी नॅशनल ऑर्केस्ट्रा ऑफ वेल्स, फिलहार्मोनिया आणि इंग्लिश चेंबर ऑर्केस्ट्रा. एकाच स्टँडवरच्या कागदाकडे बघून, एकच सूर वाजवणारी माणसं. पण यातल्या बीबीसीच्या वादकांना महिन्याला पगार मिळतो, आजारपणाची रजा मिळते, पेन्शन असते. उरलेल्या दोन ऑर्केस्ट्रांमधले वादक स्वयंरोजगारी. वाजवलं तर पैसे, नाही वाजवलं तर नाही.

लंडनच्या शास्त्रीय संगीताचा फार मोठा डोलारा या दुसऱ्या प्रकारच्या लोकांवर उभा आहे. गेल्या काही वर्षांत पहिल्या प्रकारातल्या लोकांनाही हळूहळू दुसऱ्या रांगेत ढकललं जातंय. म्हणून हा विषय.

आधी कामाचं स्वरूप समजून घेऊ

चेलो म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातलं मोठं, खर्जातलं वाद्य. खुर्चीत बसून, दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून, गजाने वाजवायचं. खाली एक टोकदार दांडी असते, ती जमिनीत रुतवून वाद्य उभं राहतं. मोठ्या सिम्फनी ऑर्केस्ट्रात साधारण दहा चेलो असतात. जागा कमी आणि लोक तिथून लवकर निवृत्त होत नाहीत, त्यामुळे कॉलेजातून बाहेर पडलेल्या चेलोवादकाला पक्की नोकरी लागणं ही फार दूरची गोष्ट.

मग काम येतं कुठून? फोनवरून. लंडनमध्ये ‘फिक्सर’ नावाचा एक माणूस असतो. कुठल्या कार्यक्रमाला किती व्हायोलिन, किती चेलो लागणार हे बघून वादक गोळा करणं हे त्याचं काम. क्रिकेटमधल्या फिक्सिंगशी याचा संबंध नाही. फिक्सर बऱ्याचदा आधी तारखा फक्त ‘पेन्सिल’ करतो. म्हणजे, ‘१४ तारीख मोकळी ठेव, बहुतेक काम आहे.’ पेन्सिल म्हणजे शब्द नव्हे. ती खोडता येते. पण त्याच तारखेला दुसरीकडून पक्कं काम आलं, तर पहिल्या फिक्सरला विचारल्याशिवाय घेता येत नाही. घेतलं तर तो पुढच्या वेळी फोन करेलच असं नाही. महिन्याच्या वहीत दहा पेन्सिली आणि दोनच पक्की कामं, हे चित्र तिथल्या कुठल्याही फ्रीलान्स वादकाच्या ओळखीचं.

आणि फोनला उत्तर लगेच द्यायचं. कारण एक मेसेज एकाच वेळी किती जणांना गेलाय हे ठाऊक नसतं.

कामाचे प्रकार तरी किती. सिम्फनी ऑर्केस्ट्रात कुणी आजारी पडलं तर त्याच्या जागी. वेस्ट एंडच्या म्युझिकल नाटकांमध्ये, स्टेजच्या खालच्या खड्ड्यात बसून. सिनेमाच्या रेकॉर्डिंगला. गावोगावच्या हौशी गायकवृंदांसोबत : डिसेंबरात हॅन्डेलचा ‘मसाया’, ईस्टरच्या आधी बाखचं ‘सेंट मॅथ्यू पॅशन’. यांची ठरलेली पद्धत म्हणजे दुपारी तीन तास तालीम, मध्ये एक सँडविच आणि त्याच संध्याकाळी कार्यक्रम. ब्रिटिश वादक कागद बघून पहिल्या फटक्यात वाजवण्यात पटाईत समजले जातात. त्यामागे गुणवत्ता आहेच, पण तालमीचे तास विकत घ्यायला पैसे नसणं हेही एक कारण आहे.

शिवाय लग्नं. लग्नात लोकांना हमखास हवा असतो पाखेलबेलचा ‘कॅनन’. त्यात व्हायोलिनवाले मजेत असतात. चेलोच्या वाट्याला आठ सूर येतात आणि तेच आठ सूर २८ वेळा वाजवायचे असतात. बारा वर्षं रियाझ करून, कॉन्झर्व्हेटरीतून पदवी घेऊन!

वेस्ट एंडची पद्धत तर मुद्दाम सांगण्यासारखी. तिथे एका वादकाकडे एक ‘खुर्ची’ असते. त्याला दुसरीकडे काम आलं की तो आपला बदली वादक पाठवतो, त्याला म्हणतात ‘डेप’. हा डेप आधी एखाद्या प्रयोगाला खड्ड्यात खुर्चीमागे बसतो, वही बघतो, कंडक्टरचे इशारे टिपून घेतो. यासाठी पैसे सहसा मिळत नाहीत. मग थेट एका रात्री, तालमीशिवाय, हजारभर प्रेक्षकांसमोर वाजवतो. चुकलं तर ‘कंडक्टर काही बोलला नाही’, आणि परत फोन येत नाही. काढून टाकल्याचं पत्र या धंद्यात येत नसतं. फोन थांबतो, एवढंच.

जानेवारी आणि ऑगस्ट हे सुकाळाचे महिने नव्हेत. जानेवारीत काम कमी आणि ३१ तारखेला इन्कम टॅक्स भरायची शेवटची मुदत. हे ज्याने ठरवलं त्याच्या घरात वादक नसावा.

ही बदलीची पद्धत आली कुठून?

इथे थोडा इतिहास लागतो, कारण त्याशिवाय आजचा वाद कळत नाही.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये असं चालायचं : वादक तालमीला हो म्हणायचा, मग जास्त पैशांचं काम आलं की बदली पाठवायचा. बदलीवाला दुसऱ्या तालमीला आपला बदली पाठवायचा. प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या रात्री कंडक्टरसमोर असा माणूस बसलेला असायचा, जो एकाही तालमीला नव्हता. क्वीन्स हॉल ऑर्केस्ट्राचा कंडक्टर हेन्री वुड याला वैतागला. ‘यापुढे बदली चालणार नाही,’ असं ऑर्केस्ट्राच्या व्यवस्थापनाने जाहीर केलं.

यावर चाळीसच्या वर वादक उठले आणि बाहेर पडले. त्यांनी १९०४ मध्ये स्वतःचा ऑर्केस्ट्रा काढला, लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा. जगातल्या नावाजलेल्या ऑर्केस्ट्रांपैकी एक, ‘स्टार वॉर्स’चं संगीत वाजवणारा, तो मुळात बदली पाठवायच्या हक्कासाठी झालेल्या बंडातून जन्मला.

या ऑर्केस्ट्राचे मालक वादकच. संचालक मंडळावर ते, कंडक्टर निवडणार ते, नवीन माणूस घ्यायचा की नाही ठरवणार ते. सहकारी साखर कारखान्याचे सभासद शेतकरी असतात, तसंच काहीसं, फक्त इथे सभासद रोज कारखान्यात कामही करतात. लंडन फिलहार्मोनिक आणि फिलहार्मोनिया हेही पुढे याच वाटेने गेले. यांच्यात पगार नाही, पण सत्ता आहे. जोखीम आहे, पण ती वाटून घ्यायला सोबती आहेत. ‘मला पगार नको, मोकळीक हवी’ हे त्यांनी स्वतः निवडलं होतं.

आज ‘फ्रीलान्स’ हा एकच शब्द दोन वेगळ्या माणसांना लावला जातो. एकाकडे खुर्ची आहे आणि तो बदली पाठवू शकतो. दुसरा स्वतःच बदली आहे. दोघांच्या टॅक्सच्या फॉर्मवर एकच खूण असते. पण पहिल्याच्या वाट्याला मोकळीक येते, दुसऱ्याच्या वाट्याला फक्त जोखीम. सरकार, संस्था, इतकंच काय बातम्या देणारे आपणही, या दोघांना एका माळेत ओवतो.

दुसऱ्याचं काय होतं हे जगाने एकदा अगदी ठळकपणे पाहिलंय, फक्त त्या बाजूने पाहिलं नाही. टायटॅनिक बुडताना शेवटपर्यंत वाजवत राहिलेले वादक सिनेमामुळे सगळ्यांना माहीत आहेत. ते आठ होते आणि त्या आठांत तीन चेलोवादक होते. आठपैकी कुणीच वाचलं नाही. पण हे आठ जण जहाज कंपनीचे नोकर नव्हतेच. लिव्हरपूलच्या एका एजन्सीने त्यांना पुरवलं होतं आणि ते दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर, कागदोपत्री प्रवासी म्हणून जहाजावर चढले होते. घरच्यांनी भरपाई मागितली तेव्हा जहाज कंपनी म्हणाली, आमची माणसं नाहीत. कोर्टातही त्यांच्या हाती काही लागलं नाही. एका तरुण व्हायोलिनवादकाच्या वडिलांना तर एजन्सीने मुलाच्या गणवेशाचं बिल पाठवलं. शेवटी लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या मदतनिधीने या कुटुंबांना आधार दिला.

‘हा आमचा कर्मचारी नाही’ हे वाक्य आज डिलिव्हरी बॉय आणि टॅक्सीवाल्यांच्या वादात आपण ऐकतो. संगीताच्या धंद्यात ते १९१२ मध्येच बोलून झालं होतं.

पैसे किती मिळतात?

ब्रिटनमधल्या ‘हेल्प म्युझिशियन्स’ ही संस्था आणि तिथली म्युझिशियन्स युनियन यांनी २०२३ मध्ये वादक-गायकांची जनगणना केली. सुमारे ६,००० जणांनी उत्तरं दिली. संगीतातून होणारी सरासरी वार्षिक कमाई निघाली २०,७०० पौंड. ४३ टक्के लोक वर्षाला १४,००० पौंडांपेक्षा कमी कमावत होते. हे आकडे फक्त चेलोवादकांचे नाहीत, पॉप, जॅझ, शास्त्रीय सगळ्यांचे मिळून आहेत.

रुपयांत धरलं तर २०,७०० पौंड म्हणजे वीस लाखांच्या वर, आणि ‘बरं आहे की’ असं वाटू शकतं. पण त्या वर्षी ब्रिटनमध्ये किमान वेतन तासाला १०.४२ पौंड होतं. आठवड्याला साडेसदतीस तास, वर्षभर, एवढं काम कुणी किमान वेतनावर केलं तरी २०,३०० पौंड होतात. म्हणजे वयाच्या सातव्या-आठव्या वर्षापासून रियाझ करणारा माणूस आणि कालपासून सुपरमार्केटच्या काउंटरला बसलेला माणूस जवळपास एकाच ओळीत. काउंटरवाल्याला भरपगारी सुट्टीही मिळते.

आता खर्च बघा. ऑर्केस्ट्रात चालेल असा चेलो हजारो पौंडांना येतो, चांगला हवा तर दहा-वीस हजारांच्या खूप वर. गज वेगळा विकत घ्यायचा. चार तारांचा संच दोन-तीनशे पौंडांना पडतो आणि वाजवणाऱ्याला तो नेमाने बदलावा लागतो. गजाचे घोड्याचे केस झिजतात, ते बदलून घ्यायचे. वाद्याचा विमा. शेकू काने-मेसन वाजवतो तो १७०० सालचा मातेओ गॉफ्रिलर या व्हेनिसच्या कारागिराचा चेलो आहे. तो त्याच्या मालकीचा नाही, त्याला वापरायला दिलेला आहे. अव्वल वादकांना असे दाते भेटतात. मागच्या रांगेतला माणूस कर्ज काढतो.

आणि प्रवास. व्हायोलिन डोक्यावरच्या कप्प्यात मावतं. चेलो मावत नाही आणि सामानाच्या पोटात टाकायची हिंमत कुणी करत नाही, म्हणून वादक चेलोसाठी वेगळं तिकीट काढतो. शेजारच्या सीटवर चेलो, पट्टा बांधून. अमेरिकेचे मोठे चेलोवादक लिन हॅरेल चेलोच्या नावाने विमान कंपनीचे माइल्सही जमवत. २०१२ मध्ये कंपनीने त्यांना आणि त्यांच्या चेलोला, दोघांनाही त्या योजनेतून काढून टाकलं. हे वाचून हसू येतं. पण तिकीट काढूनही ऐनवेळी चेलोला विमानात घेत नाहीत, असंही होतं. डिसेंबर २०२४ मध्ये टोरांटोला निघालेल्या शेकूच्या बाबतीत तेच झालं आणि त्याला कार्यक्रमाला पोचता आलं नाही. त्याची बातमी झाली, कारण तो शेकू होता. साध्या वादकाची बातमी होत नाही, आणि कार्यक्रम बुडाला की मानधन बुडतं.

पक्की नोकरी मिळवायची म्हटली तर तिची वाटही विचित्र आहे. ब्रिटनमध्ये ऑडिशन दिली, ती आवडली, तरी खुर्ची मिळत नाही. मग सुरू होते ‘ट्रायल’. ऑर्केस्ट्रा चार-पाच उमेदवारांना आलटून पालटून बोलावतो, प्रत्यक्ष कार्यक्रमात वाजवून बघतो. हे महिनोन्‌महिने चालतं, कधी वर्षाच्याही पुढे. वाजवलेल्या कार्यक्रमाचे पैसे मिळतात, पण सगळ्या तारखा त्या ऑर्केस्ट्रासाठी राखून ठेवाव्या लागतात. मध्ये पाठ आखडली, मनगट दुखलं, तर सांगायचं कुणाला? स्वयंरोजगारी माणसाला तिथला कायद्याने मिळणारा आजारपणाचा पगार लागू होत नाही. त्यामुळे दुखणं लपवून वाजवत राहणारे पुष्कळ.

दोन धक्के, पाठोपाठ

१६ मार्च २०२०. कोरोनामुळे लंडनची थिएटरं बंद झाली. पेन्सिलीने लिहिलेलं आणि पेनाने लिहिलेलं, दोन्ही एका दिवसात पुसलं गेलं. सरकारने स्वयंरोजगारी लोकांसाठी मदत आणली, सरासरी नफ्याच्या ८० टक्के, महिन्याला जास्तीत जास्त २,५०० पौंड. ऐकायला चांगली होती. पण अट होती की उत्पन्नाचा निम्मा तरी भाग स्वयंरोजगारातून हवा आणि आधीच्या वर्षाचा टॅक्स भरलेला हवा. आता चेलोवादकाचं आयुष्य आठवा. आठवड्यातले दोन-तीन दिवस शाळेत पगारावर शिकवणारा आणि उरलेले दिवस वाजवणारा माणूस पहिल्या अटीत अडकला. नुकताच कॉलेजातून निघालेला दुसऱ्या अटीत. पोट भरायला दोन-दोन कामं करणाऱ्यालाच ती दोन कामं नडली. ‘हेल्प म्युझिशियन्स’ने माणशी ५०० पौंडांची मदत जाहीर केली, तिच्यावर काही दिवसांतच अर्जांचा पाऊस पडला.

त्यातून सावरायच्या आत १ जानेवारी २०२१ उजाडला आणि ब्रेक्झिट प्रत्यक्षात आलं. तोवर अ‍ॅमस्टरडॅमच्या ऑर्केस्ट्रात कुणी आजारी पडलं तर लंडनचा चेलोवादक संध्याकाळच्या विमानाने जाऊन वाजवू शकत होता. आता १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा, वर प्रत्येक देशाचे कामाच्या परवान्याचे वेगळे नियम. बदली वादकाचा सगळा धंदाच ‘उद्या ये’ यावर चालतो आणि परवाना उद्या मिळत नाही. साहजिकच युरोपातून फोन करणारा आधी विचारतो, ‘युरोपियन पासपोर्ट आहे का?’ ज्याची आजी आयर्लंडची होती, त्याचं नशीब उघडलं. पासपोर्टची ही किंमत गोव्यातल्या वाचकांना वेगळी सांगायला नको. मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि युरोपियन युनियनच्या संयुक्त निवेदनात दौरे करणाऱ्या कलाकारांचा उल्लेख आला खरा. उल्लेख म्हणजे परवाना नव्हे.

आता नोकरदारांचीही पाळी

इथवर वाचून वाटेल की फ्रीलान्स नकोच, नोकरी बघावी. नेमक्या त्या नोकऱ्याच कमी होतायत.

इंग्लिश नॅशनल ऑपेरा, म्हणजे ईएनओ, ही लंडनमधली पगारी ऑर्केस्ट्रा असलेली मोठी संस्था. नोव्हेंबर २०२२ मध्ये आर्ट्स कौन्सिल इंग्लंडने तिला कायमस्वरूपी अनुदानाच्या यादीतून काढलं आणि लंडनबाहेर बस्तान हलवायला सांगितलं. पुढे ग्रेटर मँचेस्टर ठरलं. पैसे वाचवायला संस्थेने १९ वादकांच्या जागा कमी करायचा आणि उरलेल्यांना अर्धवेळ करायचा प्रस्ताव ठेवला. ऑक्टोबर २०२३ मध्ये संगीत दिग्दर्शक मार्टिन ब्रॅबिन्स यांनी याच्या निषेधार्थ राजीनामा दिला. संपाचा इशारा, वाटाघाटी असं बरंच झाल्यावर तडजोड झाली ती वर्षातल्या साधारण सात महिन्यांच्या करारावर. उरलेले पाच महिने? पुन्हा फिक्सर, पुन्हा पेन्सिल. म्हणजे तिथले चेलोवादक त्या पाच महिन्यांत आधीच गर्दी असलेल्या बाजारात उतरणार आणि तिथे त्यांच्या समोर असणार कालपर्यंत त्यांच्याच जागी बदली म्हणून येणारे तरुण.

बीबीसीनेही मार्च २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या आपल्या तीन ऑर्केस्ट्रांतल्या २० टक्के पगारी जागा कमी करायचं जाहीर केलं होतं. तेव्हा दिलेलं कारण वाचण्यासारखं होतं. लवचीकपणा वाढेल, जास्त वादकांना संधी मिळेल! ओरड झाल्यावर पाऊल मागे घेतलं गेलं.

लवचीकपणा हा शब्द या सगळ्या वादाच्या मुळाशी आहे. मला तो पटत नाही, कारण तो एकाच बाजूने वाकतो. संस्थेला हवं तेव्हा माणूस मिळतो, माणसाला हवं तेव्हा काम मिळत नाही. १९०४ च्या वादकांनी लवचीकपणा मागून घेतला होता आणि त्यासोबत ऑर्केस्ट्राची मालकीही घेतली होती. २०२३ मध्ये तोच शब्द वरून आला, मालकीशिवाय.

वेस्ट एंडचं उदाहरण याहून उघड आहे. ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ १९८६ पासून चालू असलेलं नाटक. कोरोनानंतर जुलै २०२१ मध्ये पडदा पुन्हा वर गेला तेव्हा २७ वादकांच्या जागी १४ उरले होते. बाकीची भर कीबोर्ड आणि ध्वनियंत्रणा घालणार. तिकिटं विकली गेलीच.

कीबोर्डमधून चेलोचा आवाज येतो कसा? एखाद्या चेलोवादकाला स्टुडिओत बसवून एकेक सूर, हळू, जोरात, लांब, तुटक, असा हजारो वेळा वाजवून घेतात. तो साठा मग सॉफ्टवेअर म्हणून विकला जातो. वादकाला बऱ्याचदा त्या दिवसांचे पैसे मिळतात आणि विषय संपतो. पुढे जाहिरातीला, मालिकेला, छोट्या सिनेमाला चेलो लागला की तो साठा उघडला जातो. आता त्यात एआयची भर पडली. एआय कंपन्यांना परवानगीशिवाय संगीत वापरू देणाऱ्या सरकारी प्रस्तावाविरोधात फेब्रुवारी २०२५ मध्ये हजारावर ब्रिटिश कलाकारांनी एक अल्बम काढला, त्यात रिकाम्या स्टुडिओंची शांतता भरलेली होती.

मुंबईने हे आधी पाहिलंय. चाळीस ते ऐंशीच्या दशकांत हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला पन्नास-साठ वादक बसायचे. व्हायोलिन आणि चेलोच्या रांगांमध्ये गोवेकर मोठ्या संख्येने, चर्चच्या शाळेत सूर गिरवून आलेले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे अरेंजर त्यांचे कागद लिहायचे. पैसे शिफ्टप्रमाणे. रेकॉर्डच्या वेष्टनावर यांची नावं नसायची. पुढे सिंथेसायझर आला, मग कॉम्प्युटर, आणि त्या रांगा रिकाम्या झाल्या. आज मुंबईत एनसीपीएची सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, २००६ मध्ये सुरू झालेली. तिच्यात परदेशातून, विशेषतः कझाकस्तानातून येणारे वादक बरेच आहेत. रोज वाजवायला काम नसेल तर त्या शहरात चेलोवादक तयार होत नाहीत, हे त्यातून दिसतं.

दुसरीकडे काय करतात?

फ्रान्समध्ये कलाकारांसाठी बेरोजगार भत्त्याची वेगळी व्यवस्था आहे. बारा महिन्यांत ५०७ तास काम केल्याचं दाखवलं की मधल्या रिकाम्या काळात भत्ता मिळतो. काम तुटक असणं हा या धंद्याचा स्वभाव आहे, वादकाचा आळस नाही, हे गृहीत धरलेलं. त्यावरून तिथे दर काही वर्षांनी भांडणं होतात, २००३ मध्ये तर नियम कडक केले म्हणून संप झाला आणि आव्हीन्यूंचा नाट्यमहोत्सव रद्द करावा लागला.

आयर्लंडने २०२२ मध्ये २,००० कलाकारांना आठवड्याला ३२५ युरो द्यायला सुरुवात केली, तीन वर्षांसाठी, काय वाजवलं, काय लिहिलं हे न विचारता. अर्जदारांतून चिठ्ठ्या काढून माणसं निवडली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या सरकारने ही योजना कायम करायचं ठरवलं.

ब्रिटनमध्ये असं काही नाही. तिथे सध्या म्युझिशियन्स युनियन दरपत्रक ठरवते, करार तपासून देते, बुडवलेले पैसे वसूल करून देते. युनियनचे दर किमान असतात आणि लग्नाच्या, चर्चच्या, छोट्या गायकवृंदांच्या कामात ते पाळायची सक्ती कुणावर नाही. नवा चेलोवादक अशा कामाला कमी पैशांत हो म्हणतो, कारण तिथे शेजारी बसलेला माणूस कदाचित एखाद्या ऑर्केस्ट्रात खुर्ची असलेला असतो. त्याला आपलं वाजवणं आवडलं, तर पुढच्या वेळी बदली पाठवताना तो फिक्सरला आपला नंबर देईल, या हिशोबाने.